पिचर द्या, बॅटर आणा: पिट्सबर्ग पायरेट्सच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
श्री. बॉब नटिंग, मालक
श्री. बेन चेरिंग्टन, जनरल मॅनेजर
पिट्सबर्ग पायरेट्स बेसबॉल क्लब

नोव्हेंबर २०२५

महोदय,
स. न. वि. वि.

आपला पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स याला साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळाला, तोही एकमताने. तीसच्या तीस मतदारांनी त्याचं नाव पहिल्या क्रमांकावर लिहिलं. पायरेट्सकडून हा मान याआधी दोघांनाच मिळाला होता: १९६० मध्ये व्हर्न लॉ आणि १९९० मध्ये डग ड्रेबेक. आपलं दोघांचंही मनापासून अभिनंदन. आता लगेच मुद्द्यावर येते, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला ऑर्लँडोला सगळ्या संघांची हिवाळी बैठक आहे आणि कुणाला ठेवायचं, कुणाला द्यायचं हे तिथे आणि तिच्या मागेपुढेच ठरतं.

मी पिट्सबर्गमध्ये राहते. इथल्या कितीतरी मराठी घरांत उन्हाळाभर पायरेट्सचे सामने लागतात. भारतातही पहाटे चारला उठून स्कीन्सची पिचिंग बघणारी मंडळी आहेत. त्यांच्या वतीनेही हे लिहिते आहे.

माझं मागणं एवढंच आहे: पिचर द्या आणि बॅटर आणा. आणाल ते बॅटर चार वर्षांनी तयार होणारे नकोत, येत्या एप्रिलमध्ये मैदानात उतरणारे हवेत.

आयपीएल बघणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे लिलाव नसतो. खेळाडू मुख्य संघात आला की पहिली सहा वर्षं तो त्या संघाच्या ताब्यात. त्यातली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादात ठरेल त्या रकमेवर. सहा वर्षं भरली की तो मोकळा. जो जास्त देईल त्याच्याकडे जाईल. या काळात संघ त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घेऊ शकतो आणि बहुतेकांना त्यात काही बोलता येत नाही. हाच ट्रेड. पगारखर्चाला कमाल मर्यादा नाही, त्यामुळे डॉजर्ससारखा संघ वर्षाला ३० कोटी डॉलरच्या वर खर्च करतो आणि आपण १० कोटींच्या आत राहता. लहान शहराच्या संघाचं सगळं गणित म्हणूनच त्या सहा वर्षांवर उभं असतं. चांगला खेळाडू महाग होण्याआधी त्याला घेऊन जिंकायचं, नाहीतर तो जाण्याआधी त्याच्या बदल्यात तीन-चार तरुण पोरं घ्यायची. पायरेट्सने बरीच वर्षं दुसरा मार्गच धरला आहे.

स्कीन्सची सहा वर्षं २०२९ चा हंगाम संपला की संपतात. म्हणजे हातात चार हंगाम उरले. नुकताच संपलेला हंगाम कसा गेला ते बघा. यंदा तो ३२ सामन्यांत सुरुवातीला उतरला, २१६ बॅटर स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइक टाकून बाद) आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने सरासरी १.९७ धावा दिल्या. खात्यावर विजय १०, पराभव १०. १८ मेला फिलाडेल्फियात त्याने आयुष्यात पहिल्यांदा अख्खा सामना एकट्याने टाकला. आठ इनिंग, एक धाव, आणि आपण ०-१ असे हरलो. मी तो सामना शेवटपर्यंत बघितला. शेवटच्या इनिंगमध्ये आपले बॅटर एकामागून एक परत येत होते, आणि डगआउटमध्ये बसलेल्या त्या तेवीसाव्या वर्षाला टेकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ही गोष्ट मला जास्त लागली. असं होणारच, हे त्याने धरूनच ठेवलं होतं असं वाटलं. पूर्ण हंगामात आपण ११७ होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. तीस संघांत सगळ्यांत कमी. धावाही सगळ्यांत कमी. ७१ विजय, ९१ पराभव, गटात तळाला.

दुखणं कुठे आहे हे शोधायला तज्ज्ञ लागत नाही. पिचिंग उत्तम आहे, बॅटिंग नाही. आणि जे भरपूर आहे ते देऊन जे नाही ते आणायचं, यासाठीच तर ट्रेड असतो.

चेरिंग्टनसाहेब, हे आपल्याला मी शिकवावं असं काही नाही, कारण आपण हे एकदा करून दाखवलं आहे. २०१२ मध्ये आपण बॉस्टनचे जनरल मॅनेजर होतात. त्या वर्षी रेड सॉक्स ९३ सामने हरले. ऑगस्टमध्ये आपण एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट यांना एका फटक्यात डॉजर्सकडे पाठवलं आणि पुढच्या अनेक वर्षांचे २५ कोटी डॉलरहून जास्त पगार मानगुटीवरून उतरवले. पण तिथेच थांबला नाहीत. त्या हिवाळ्यात मोकळ्या झालेल्या पैशांतून शेन व्हिक्टोरिनो आणला, माइक नॅपोली आणला, जॉनी गोम्स आणला, बुलपेनसाठी, म्हणजे सामन्यात मागाहून उतरणाऱ्या पिचरांत, कोजी उएहारा आणला. यातला एकही तेव्हा खेळातला सर्वांत मोठा तारा नव्हता. ते सगळे मेहनती, अनुभवी आणि येत्या वर्षी खेळायला तयार असलेले खेळाडू होते. २०१३ मध्ये बॉस्टनने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकली. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत शेवटच्या सामन्यात व्हिक्टोरिनोने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला होता.

आता पिट्सबर्गकडे बघा. जुलैअखेर आपण कीब्रायन हेजला सिनसिनाटीला दिलं. तिसऱ्या बेसवर त्याच्याइतका चपळ हात लीगमध्ये दुसरा नाही, यंदाचा गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, पण बॅट चालत नव्हती आणि करार २०२९ पर्यंतचा होता. ट्रेड म्हणून मला तो पटला. त्याच्यासोबत त्याचे उरलेले काही कोटी डॉलरही गेले. बॉस्टनमध्ये आपण जे केलंत त्याचा पहिला अर्धा भाग इथे झाला. दुसरा अर्धा भाग या हिवाळ्यात व्हायला हवा, आणि नटिंगसाहेब, तो होणार की नाही हे चेरिंग्टनसाहेबांपेक्षा आपल्या सहीवर जास्त अवलंबून आहे. हेजचे पैसे बॅटिंगवर खर्च झाले तर तो ट्रेड शहाणपणाचा. ते नुसतेच वाचले, तर आम्ही एक उत्तम तिसरा बेसमन गमावला, एवढाच त्याचा अर्थ उरेल.

द्यायचं कुणाला, हा प्रश्न आम्ही गेले दोन महिने दर रविवारी चघळतो आहोत. माझं उत्तर मिच केलर आहे.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. केलर हा पिचर पायरेट्सच्याच मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या तयारीच्या संघांतून, वर आला. सुरुवातीची वर्षं त्याने मार खाल्ला, तरी पिचिंग मुळापासून बदलून २०२३ मध्ये ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झाला. गेली चार वर्षं तो हंगामात तीसच्या आसपास सामने टाकतो आहे. आजच्या काळात, जेव्हा निम्म्या पिचरांचे कोपर ऑपरेशनच्या टेबलावर जातात, तेव्हा ही फार मोठी गोष्ट आहे. यंदा तो ६ जिंकला, १५ हरला, पण त्यातही आपल्या बॅटिंगचा वाटा मोठा आहे. त्याच्या करारात २०२८ पर्यंत तीन वर्षं उरली आहेत, मिळून साधारण साडेपाच कोटी डॉलर. असा पिचर बाजारात घ्यायला गेलं तर याहून बराच महाग पडतो. म्हणूनच समोरचा संघ त्याच्यासाठी खराखुरा बॅटर द्यायला तयार होईल. ज्याची किंमत नाही तो देऊन काहीच मिळत नसतं.

त्याची जागा घ्यायला मागे पिचरांची रांग लागली आहे. बब्बा चँडलर ऑगस्टमध्ये आला आणि त्याचा चेंडू ताशी १०० मैलांना सहज पोचतो. ब्रॅक्स्टन अ‍ॅशक्राफ्ट आहे, माइक बरोज आहे, योहान ओव्हिएडो दुखापतीतून परतला आहे, हंटर बार्को दार ठोठावतो आहे. जॅरेड जोन्स यंदा कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता, तो पुढच्या हंगामात परत येईल. यावर कुणी म्हणेल की पिचर कधीच जास्त नसतात. एप्रिलमध्ये सात असतात आणि जुलैत चार उरतात. बरोबर आहे. जोन्सचं काय झालं ते आम्हीही पाहिलं. म्हणून मी चार द्या म्हणत नाही. केलर आणि त्याच्या जोडीला ओव्हिएडो किंवा बरोज यांतला एक, एवढेच. चँडलरला हात लावू नका.

घ्यायचे कुणाकडून? बॉस्टनकडेच बघा. आउटफिल्डच्या तीन जागांसाठी त्यांच्याकडे रोमन अँथनी, जॅरन ड्युरान, विलियर अब्रेऊ आणि सेडॅन रफाएला असे चौघं आहेत, आणि पिचर त्यांना नेहमीच हवे असतात. तिथली माणसं आपल्या ओळखीची आहेत. बोलणी अवघड असतील, पण फोन उचलायला काय हरकत आहे? आणखीही संघ असतील. माझा आग्रह नावासाठी नाही. समोरून येणारा खेळाडू मोठ्या लीगमध्ये किमान दोन वर्षं खेळलेला असावा, ही एकच अट मी घालेन.

ही अट का, ते सविस्तर सांगते, कारण हीच माझ्या पत्राची खरी गोष्ट आहे.

३१ जुलै २०१८. तेव्हा आपण इथे नव्हतात, चेरिंग्टनसाहेब, पण नटिंगसाहेब होते. पायरेट्सने टँपा बेकडून क्रिस आर्चर घेतला. बदल्यात टायलर ग्लासनाउ दिला, ऑस्टिन मेडोज दिला आणि काही दिवसांनी शेन बाझही दिला. आर्चर इथे चालला नाही, मग जखमी झाला, मग गेला. मेडोज पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला. आणि गेल्याच महिन्याच्या अखेरच्या रात्री, वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात, डॉजर्सची शेवटची इनिंग डगमगत असताना कोण आला? ग्लासनाउ. तीन चेंडूंत सामना संपवला. इथल्या बारमध्ये लोक टाळ्या वाजवत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

त्याच वर्षी जानेवारीत गेरिट कोल ह्यूस्टनला गेला होता. कोल २०११ मध्ये पायरेट्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी पहिला निवडलेला पिचर, जसा २०२३ मध्ये स्कीन्स. कोलच्या बदल्यात चार खेळाडू आले. त्यातला जो मसग्रोव्ह सर्वांत चांगला निघाला, म्हणून २०२१ मध्ये त्यालाही सॅन डिएगोला देऊन टाकलं. तिथे गेल्यावर तीन महिन्यांत त्याने त्या संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण टाकलेला सामना) टाकला. कोल यँकीजकडून २०२३ मध्ये साय यंग जिंकला. मसग्रोव्हच्या बदल्यात आलेल्यांत डेव्हिड बेडनार होता, इथून जवळच्या मार्स गावचा, आपल्या मातीतला पोरगा. तो दोनदा ऑल-स्टार झाला. यंदाच्या ३१ जुलैला तोही यँकीजकडे गेला, आणि आले कोण? पुन्हा तीन तरुण प्रॉस्पेक्ट, म्हणजे अजून तयार व्हायची पोरं. कोलपासून सुरू झालेली ही साखळी सात वर्षं चालली आहे आणि या सात वर्षांत एकदाही पायरेट्स प्लेऑफला गेलेले नाहीत. शेवटचं प्लेऑफ २०१५. त्या वर्षी ९८ सामने जिंकलो आणि एका रात्रीत शिकागोच्या जेक अरिएटाने घरी पाठवलं.

तरुण पोरं घेऊ नका असं मी म्हणत नाही. आपला लाडका तारा अँड्र्यू मॅककचन याला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं तेव्हा ब्रायन रेनॉल्ड्स मिळाला, आणि तो आजही इथे आहे. पण दर वेळी आजचा माणूस देऊन उद्याचा घ्यायचा, आणि उद्या उजाडला की त्यालाही परवासाठी द्यायचं, हे चक्र कुठेतरी मोडायला हवं. मोडायची वेळ हीच. संघात स्कीन्स आहे. याहून चांगला मुहूर्त पुढच्या वीस वर्षांत येणार नाही.

आणि उद्याची पोरं ओळखण्यातही आपली नजर नेहमी अचूक असते असं नाही. क्विन प्रीस्टर हा पायरेट्सचा २०१९ चा पहिल्या फेरीतला पिचर. २०२४ च्या जुलैत तो बॉस्टनला गेला, बदल्यात निक यॉर्क आला. बॉस्टनने त्याला एप्रिलमध्ये मिल्वॉकीला दिलं. मिल्वॉकीत प्रीस्टर १३ जिंकला, ३ हरला. मिल्वॉकी आपल्याच गटात आहे, बाजारपेठ आपल्यासारखीच लहान, श्रीमंती बेताचीच. यंदा ते ९७ सामने जिंकले, सगळ्या तीस संघांत सर्वाधिक. त्यांनीही कॉर्बिन बर्न्स दिला, डेव्हिन विल्यम्स दिला. पण बर्न्सच्या बदल्यात आलेला जोई ऑर्टिझ शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) उभा राहिला आणि विल्यम्सच्या बदल्यात आलेला केलेब डर्बिन लगेच तिसऱ्या बेसवर. त्यांच्या ट्रेडमधून येणारा माणूस एप्रिलमध्ये मैदानात दिसतो. मला तेच हवं आहे.

आता ज्यांना अजिबात देऊ नये त्यांच्याबद्दल.

स्कीन्सबद्दल रोज नवी अफवा उठते. त्याला यँकीजकडे जायचंय म्हणे. त्याने स्वतः ते नाकारलं आहे, आणि तो विकाऊ नाही असं आपणही प्रत्येक वेळी सांगता. त्यावर माझा विश्वास आहे. पण ‘विकाऊ नाही’ एवढ्याने भागत नाही. त्याला दीर्घ कराराचा प्रस्ताव द्या, आणि असा द्या की नाही म्हणताना त्याला रात्रभर झोप लागू नये. लहान शहरांना हे परवडत नाही असं म्हणतात. कॅन्सस सिटीचा संघही आपल्यासारखाच लहान बाजारपेठेतला. २०२३ मध्ये रॉयल्स १०६ सामने हरले. त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लूगो आणि मायकल वाका यांच्यावर पैसे खर्च केले आणि फेब्रुवारीत बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांसाठी जवळपास २९ कोटी डॉलर देऊ केले. पुढच्याच हंगामात ८६ जिंकून ते प्लेऑफमध्ये. पायरेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार आजही रेनॉल्ड्सचाच आहे, १० कोटी ६७ लाखांच्या आसपास. पिचरच्या खांद्याचा भरवसा नसतो, धोका मोठा, हे सगळं खरं. पण १९९२ नंतर बॅरी बाँड्सला जाऊ दिलं तेव्हाही हिशेब बरोबरच होता. त्यानंतर वीस हंगाम सलग हरलो.

दुसरा कॉनर ग्रिफिन. मिसिसिपीचा, वय १९, शॉर्टस्टॉप. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर आपण त्याला घेतलं ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत चांगली निवड ठरेल असं मला वाटतं. यंदा मायनर लीगच्या तीन पायऱ्या चढताना त्याची बॅटिंग सरासरी .३३३ (दर तीन संधींत एक हिट), होम रन २१, चोरलेले बेस ६५. हंगामाच्या शेवटी तो अल्टूनाला, आपल्या मायनर लीगच्या संघात, आला तेव्हा आम्ही गाडी काढून बघायला गेलो. ते मैदान छोटंसं आहे, उजव्या भिंतीमागे जुना लाकडी रोलर कोस्टर उभा आहे. सामन्याआधी कुंपणाला लागून शाळकरी पोरांची रांग होती आणि हा सव्वासहा फुटी मुलगा त्यांच्या टोप्यांवर सह्या करत होता. मैदानावर सराव सुरू झाला तेव्हा मात्र तो वेगळाच दिसला. जमिनीलगत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकताना त्याला घाई करावी लागतच नव्हती. बाकीच्यांना लागत होती.

त्याला कोणी मागितलं तर फोन ठेवून द्या. आणि तो तयार झाला की वर आणा. कॅलेंडर बघून खाली ठेवू नका. स्कीन्सला २०२४ मध्ये ११ मेपर्यंत खाली ठेवलं. पुढे तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला आणि नियमाप्रमाणे ते वर्ष त्याच्या सहा वर्षांत पूर्ण मोजलं गेलंच. वाचलं काहीच नाही, त्याने टाकायचे ते सामने मात्र गेले. चँडलरलाही ऑगस्टपर्यंत इंडियानापोलिसला, मायनर लीगमध्ये, बसवलं. ग्रिफिनला पहिल्याच दिवशी उभं करा असा माझा हट्ट नाही. एकोणीस वर्षांचं पोर आहे. पण निर्णय बॅट आणि ग्लोव्ह बघून व्हावा.

ओनील क्रूझबद्दल आमच्या घरातच दोन तट आहेत. माझ्या मते ठेवावा. २५ मेला त्याने मारलेला होम रन बॅटवरून ताशी १२२.९ मैल वेगाने सुटला. मोजायला लागल्यापासून इतका जोरात मारलेला होम रन कुणाचाच नाही. ३८ बेस चोरून तो जुआन सोटोच्या बरोबरीने नॅशनल लीगमध्ये पहिला आला. आणि सरासरी .२००. डावखुऱ्या पिचरसमोर तो हतबल होतो. आज त्याला बाजारात नेलं तर खरेदीदार .२०० चा भाव देतील आणि घेऊन जातील १२२.९. भाव पडलेला असताना विकायचं नाही, एवढं तर घरात सोनं असलेल्या प्रत्येकाला कळतं.

रेनॉल्ड्सचं वर्ष वाईट गेलं, तरी त्याला द्यावं असं मला वाटत नाही. आधीच बॅटर नाहीत, त्यात हा कुठे देता? हेन्री डेव्हिस हा २०२१ चा पहिला निवडलेला खेळाडू. कॅचर म्हणून सुधारला आहे, बॅट अजून मुकी आहे. त्याच्यासाठी कोणी विचारलं तर ऐकून घ्या.

पुढे इथेच परत आलेल्या मॅककचनचा करार संपला आहे. वय ३९. यंदा जूनमध्ये त्याने पायरेट्ससाठी २४१ वा होम रन मारून क्लबचा दिवंगत महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याला मागे टाकलं. रोज डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळावा असं आता म्हणवत नाही, ती जागा नव्या ताकदवान बॅटरला हवी. पण २६ जणांत आठवड्यातून दोन-तीन दिवस डावखुऱ्या पिचरसमोर उतरायला त्याला एक वर्ष जरूर द्या. नको असेल तर त्याला समोर बसवून सांगा. त्याला वर्तमानपत्रातून कळू नये.

नटिंगसाहेब, शेवटचं आपल्याशी बोलायचं आहे. एप्रिलमध्ये पहिल्या घरच्या सामन्याच्या दिवशी ‘संघ विका’ असं लिहिलेला फलक घेऊन विमान मैदानावरून गेलं. उजव्या भिंतीवरचं क्लेमेंटेचं २१ (त्याच्या जर्सीचा क्रमांक) झाकून तिथे जाहिरात लागली आणि पुढे आपल्या संघाला माफी मागावी लागली. त्या घोषणांत मी नव्हते. संघ आपला आहे, विकायचा की ठेवायचा हे आपण ठरवाल. पण मैदान लोकांच्या पैशांतून उभं आहे. १९९७ मध्ये अकरा काउंट्यांच्या मतदारांनी त्यासाठी विक्रीकर वाढवायला नकार दिला होता, तरी पुढच्या वर्षी दुसऱ्या मार्गाने सार्वजनिक पैसा उभा करून २००१ मध्ये पीएनसी पार्क सुरू झालं. देशातलं सर्वांत देखणं मैदान आहे ते. नदीपलीकडे उंच इमारती, क्लेमेंटे पुलावरून चालत येणारी गर्दी, मधल्या इनिंगमध्ये पिरोगी या पोलिश करंज्यांचे पोशाख घालून धावणारी माणसं आणि त्यांना बघून खिदळणारी पोरं. आमची मुलं यासाठीच हट्ट धरतात. पण मुलं मोठी होतात, गुणफलक वाचायला लागतात आणि विचारतात, आपण कधी जिंकतो?

पिट्सबर्गच्या ओकलंड भागात पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची, भिंत अजून उभी आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सातव्या सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून ऐकतात. ३ वाजून ३६ मिनिटांनी बिल मॅझरॉस्कीचा होम रन भिंतीपलीकडे जातो आणि यँकीज १०-९ असे पुन्हा एकदा हरतात. मीही यंदा जाऊन उभी होते. माझ्या शेजारी पासष्ट वर्षांपूर्वी तो सामना आठवण्याइतकी मोठी असलेली माणसं होती, आणि स्कीन्सच्या नावाचा शर्ट घातलेली दहा-बारा वर्षांची मुलंही होती. या मुलांना ऑक्टोबरमध्ये बघायला स्वतःचा सामना हवा आहे.

आपल्याच संघाने २००८ मध्ये भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर करण्यासाठी करारबद्ध केलं होतं. तेव्हा आम्हा भारतीयांपैकी कितीतरी जणांनी पहिल्यांदा पायरेट्सचं नाव ऐकलं. ते दोघे मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत, पण ज्या गोष्टीवर कुणाचाच विश्वास नव्हता तीवर पैसा आणि वेळ लावायची तयारी या क्लबने दाखवली होती. आजची गोष्ट त्यामानाने कितीतरी सोपी आहे. जगातला सर्वोत्तम पिचर आपल्याकडे आहे, त्याच्या मागे चार चांगले पिचर आहेत, कमी आहे ती तीन बॅटरांची. एक ट्रेडमधून येऊ शकतो, दुसरा हेजच्या पैशांतून, तिसरा आपण थोडा हात सैल सोडलात तर.

२०२६ चा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होईल. पहिल्या दिवशी स्कीन्स चेंडू हातात घेईल हे ठरलेलंच आहे. त्या दिवशी चौथ्या क्रमांकावर बॅटिंगला कोण येणार, ते नाव आज आपल्या रोस्टरवर नाही. ते डिसेंबर संपण्याआधी आम्हाला कळावं, ही कळकळीची विनंती.

कळावे.

आपली नम्र,
पायरेट्सची एक चाहती
पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया